एप्रिलातलं दुपारचं रिसेप्शन, १२० पाहुणे आणि बारचा हिशोब

नमुन्यादाखल घेतलेलं प्रकरण असं. पुण्यात राहणारं सारस्वत कुटुंब, कुलदैवत गोव्यात फोंडा तालुक्यात. लग्न एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, शनिवारी सकाळी, देवळाच्या सभागृहात. तिथलं जेवण शाकाहारी आणि दारूचा प्रश्नच नाही. रिसेप्शन दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी १२ ते ४, बार्देश तालुक्यातल्या एका भाड्याच्या बंगल्याच्या बागेत. पाहुणे १२०. बारसाठी बाजूला काढलेली रक्कम ५०,००० रुपये, त्यात सरबतं, बर्फ, माणसं, ग्लास सगळं आलं. केटररने दिलेला पर्याय ‘अनलिमिटेड’ पॅकेजचा: प्रत्येक प्रौढामागे १,१०० रुपये, प्रौढ १००, म्हणजे १,१०,०००, कर वेगळा.

इथे आणि पुढे दिलेले दर हिशोबापुरते धरलेले आहेत. आपल्या तारखेचे दर दुकानातून लेखी घ्यावेत आणि आकडे तिथे बसवावेत. हिशोबाची रीत तीच राहते.

पॅकेज महाग का पडतं

माणशी दर लावणारा माणूस रात्रीच्या पार्टीचा अंदाज धरून दर लावतो. रात्री सात ते साडेअकरा, डीजे, गार हवा, दुसऱ्या दिवशी सुट्टी, मग पिणारा चार-पाच पेग घेतो. एप्रिलच्या दुपारी गोव्यात तेहतीस-चौतीस अंश तापमान आणि अंगाला चिकटणारी दमट हवा असते. त्यात पिणारा दोन-तीनवर थांबतो, आणि पाणी मात्र पोटभर पितो. दर मात्र तोच. शिवाय न पिणाऱ्या आत्या, मावश्या, सासरकडचे आजोबा या सगळ्यांचे १,१०० रुपये त्यात मोजलेले असतात.

म्हणून दुपारच्या कार्यक्रमात पैसा दारूवर कमी आणि गारव्यावर जास्त घालावा. गरम बिअर कितीही चांगल्या कंपनीची असली तरी अर्धी ग्लासात राहते. बर्फ कमी पडला की बार तासाभरात मरतो, मग मागे कितीही क्रेट पडून असोत.

पिणारे किती, हे नावं लिहून काढा

‘साधारण सत्तर टक्के घेतात’ असल्या अंदाजावर खरेदी करू नये. पाहुण्यांच्या यादीत तीन खुणा कराव्यात: घेणारच, एखादा घेईल, घेणार नाही. हे काम दोन्हीकडच्या एकेका माणसाने करावं, मुलाकडच्याने मुलीकडच्यांबद्दल अंदाज बांधू नये. गोव्यात मद्य देण्याचं किमान वय २१, त्यामुळे कॉलेजातली भाचरं आपोआप तिसऱ्या खुणेत जातात. उपासाचे वार पाळणारेही बरेच असतात. रविवार आहे म्हणून तो अडथळा इथे नाही, गुरुवार किंवा शनिवार असता तर आकडा खाली आला असता.

या प्रकरणात यादी अशी निघते: मुलं आणि २१ च्या आतले २०, अजिबात न घेणारे ३८, एखादा घेणारे २२, घेणारे ४०. चार तासांत घेणाऱ्यामागे सरासरी तीन ड्रिंक धरले की १२०, ‘एखादा’वाल्यांमागे दीड धरलं की ३३. एकूण १५३. दहा टक्के जादा धरून १७०. पॅकेजचे १,१०,००० या १५३ ड्रिंकवर वाटले तर प्रत्येक ग्लास ७१९ रुपयांना पडतो.

पर्याय, आणि कोणते सोडले

‘जितकं प्याल तितकं बिल’ हा प्रकार हॉटेलात ठीक असतो, पण वर कमाल रक्कम ठरवून लिहून घेतली तरच. नाहीतर एखादे उत्साही काका सगळ्या टेबलाला सिंगल माल्ट सांगतात आणि बिल मुलीच्या वडिलांकडे येतं. इथे जागा बंगल्याची, परवान्याचा बार तिथे नाही, त्यामुळे तो प्रश्न मिटला. पाहुण्यांनी स्वतःच्या पैशाने घ्यायचा बार आपल्याकडे लग्नात रुचत नाही, त्यावर वेळ घालवायला नको. शिवाय पैसे घेतले की ती विक्री झाली, आणि विक्रीला परवाना लागतो.

फक्त बिअर आणि वाइन, हा पर्याय स्वस्त आणि सुटसुटीत आहे. अडचण एकच: व्हिस्कीशिवाय दुसरं काही न घेणारे आठ-दहा जण प्रत्येक कुटुंबात असतात, आणि ते नेमके मानाचे असतात. त्यांच्यासाठी दोन बाटल्या ठेवल्या की काम भागतं.

निवडलेला पर्याय: दारू स्वतः विकत घ्यायची, यादी आखूड ठेवायची, बारवाले दोन भाड्याने घ्यायचे. यादीत साधी लागर बिअर, हुर्राक (काजूच्या बोंडांची गोव्यातली हंगामी दारू), एक पांढरी वाइन, थोडी व्हिस्की, थोडी जिन. रम, व्होडका, टकीला, रेड वाइन काही नाही. विचारणारा विचारतो, नाही म्हटल्यावर बिअर घेतो.

यादीतल्या प्रत्येकाचं वजन

ग्लास मोजताना आत अल्कोहोल किती जातो ते पाहावं. आपल्याकडच्या व्हिस्कीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं, म्हणजे ३० मिलीच्या स्मॉलमध्ये साधारण १२.८ मिली शुद्ध अल्कोहोल. पाच टक्क्यांच्या बिअरच्या ३३० मिली पाइंटमध्ये १६.५ मिली. साडेबारा टक्के वाइनच्या १५० मिलीत जवळपास १८.८. हुर्राक साधारण १५ टक्क्यांच्या आसपास असतो, भट्टीगणिक कमीजास्त, त्यामुळे ९० मिली हुर्राक म्हणजे एक स्मॉल पेग आणि वर थोडंसं. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या पाइंटमध्ये मात्र २६ मिलीहून जास्त, म्हणजे दोन स्मॉल. उन्हात, रिकाम्या पोटी, तहान लागली म्हणून गटागट प्यायल्या जाणाऱ्या गोष्टीत दोन पेग दडलेले नकोत. स्ट्राँग बिअर आणूच नये, भले ती थोडी स्वस्त मिळो.

१७० ड्रिंकची वाटणी: बिअर ८५, हुर्राक ४५, वाइन २०, व्हिस्की-जिन २०.

बिअर: ८५ पाइंट लागतात. पाइंटचा क्रेट किंवा खोका २४ चा, म्हणून चार, म्हणजे ९६. मोठी ६५० मिलीची बाटली मिलीमागे स्वस्त असते, पण बागेत ती टेबलावर उघडी राहते, पंधरा मिनिटांत कोमट होते आणि तळाचा पाव भाग फुकट जातो. काउंटरवरून दोन ग्लासांत लगेच ओतून देणार असाल तर मोठी बाटली घ्या. लोक बाटली हातात घेऊन फिरणार असतील तर पाइंट.

हुर्राक: काजूच्या बोंडांच्या रसाची पहिली धार. साधारण फेब्रुवारीअखेर ते मे एवढाच याचा हंगाम, टिकायलाही कमी, म्हणून गोव्याबाहेरच्या पाहुण्यांना याचं अप्रूप असतं. स्वस्तही तोच. ४५ ग्लासांना ९० मिलीप्रमाणे चार लिटरच्या वर, म्हणजे ७५० मिलीच्या सहा बाटल्या. ग्लास असा भरायचा: आधी बर्फ, मग लिंबाची फोड पिळून आत टाकायची, चिमूटभर मीठ, उभी चिरलेली हिरवी मिरची, ९० मिली हुर्राक, वर १५० मिली लिम्का. मिरचीच्या बिया काढायच्या, नाहीतर दुसऱ्या घोटाला ठसका लागतो. जगमध्ये आधीच मिसळून ठेवायचा मोह टाळावा: वीस मिनिटांत लिम्काचा गॅस जातो आणि उरतं ते गोड आंबट पाणी. लिम्काच्या ७५० मिलीच्या दहा बाटल्या पुरतात. दोन लिटरच्या घेऊ नयेत, तळाला पोचेपर्यंत त्या सपक होतात.

हुर्राक बहुतेक ठिकाणी सुटा, जुन्या बाटल्यांत भरून मिळतो, त्यामुळे कुठून घेतला याला महत्त्व आहे. परवाना असलेल्या दुकानातून किंवा स्थानिक ओळखीच्या खात्रीच्या तावेर्नातून (गोव्यातला छोटा दारूचा गुत्ता) घ्यावा, कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी, आणि सहाही बाटल्या उघडून वास घ्यावा. काजूचा फळासारखा उग्र वास हवा. नुसता स्पिरिटसारखा नाकात चढणारा वास आला, तर भेसळीची शंका धरावी. आणि चेतावणी काउंटरवर नव्हे, बारवाल्याच्या कानात घालून ठेवायची: लिम्कात हुर्राक गोड लागतो, नवखा माणूस सरबतासारखा पितो. एका माणसाला सलग तिसरा ग्लास द्यायच्या आधी पाणी आणि खाणं पुढे करायचं.

वाइन: १५० मिलीप्रमाणे एका बाटलीत पाच ग्लास, २० ग्लासांना चार बाटल्या, एक वरची. नाशिकची शेनिन ब्लां किंवा तत्सम पांढरी. फिरकीचं झाकण असलेली बघून घ्यावी. बुचाच्या बाटल्या आणल्या की बूच काढायचा स्क्रू नेमका फोंड्यातल्या खोलीवर राहिलेला असतो.

व्हिस्की दोन बाटल्या, जिन एक. व्हिस्कीचे बारा ड्रिंक, प्रत्येकी लार्ज म्हणजे ६० मिली धरले तर ७२० मिली होतात, एक बाटली पुरते. दुसरी सील न तोडता मागे ठेवायची. जिनचे आठ, म्हणजे ४८० मिली. बारवाल्याच्या हातात पेगमाप असलंच पाहिजे. डोळ्याने ओतला की ६० चा ८० होतो, आणि बाटलीतून साडेबाराऐवजी नऊ पेग निघतात.

बर्फ आणि टब

सगळ्यात जास्त लक्ष इथे लागतं, आणि बहुतेक जण इथेच कमी पडतात.

बर्फ दोन प्रकारचा आणि दोन वेगळ्या जागी ठेवायचा. ग्लासात घालायचा खाण्याचा बर्फ माणशी अर्धा किलो, म्हणजे ६० किलो, पाकीटबंद. बाटल्या गार करायला लादी ९० किलो. लादीचा बर्फ मासळीच्या धक्क्याकडच्या कारखान्यातून स्वस्त मिळतो, पण तो पोटात जाता कामा नये. खाण्यासाठी नसलेल्या बर्फाला निळा रंग घालायचा नियम २०१८ मध्ये आला, तरी पांढरी लादी दिसली म्हणून ती खाण्यालायक ठरत नाही. घाईत एखादा पोऱ्या टबातला बर्फ ग्लासात टाकतो, आणि दुसऱ्या दिवशी अर्धं वऱ्हाड पोट धरून बसतं. म्हणून खाण्याचा बर्फ झाकणाच्या पेटीत, चिमट्यासकट, बारच्या आत. लादीचा टब बारच्या मागे.

शंभर लिटरचे दोन टब लागतात, एक बिअरला, एक वाइन, लिम्का, सोडा, टॉनिक यांना. लादी गोणपाटात घालून मोगरीने फोडायची. टबात तळाला बर्फाचा थर, त्यावर बाटल्या आडव्या, परत बर्फ, आणि मग पाणी, टब दोन तृतीयांश भरेल इतकं. पाणी घालायला लोक विसरतात. नुसत्या बर्फात बाटलीला खडे ठिकठिकाणी टेकतात, मधे हवाच राहते, आणि तासाभरानेही बिअर कोमट लागते. पाणी असलं की चारही बाजूंनी गारवा लागतो आणि पाऊण तासाच्या आत पाइंट पिण्याजोगा होतो. घाई असेल तर टबात दोन-तीन मुठी जाडं मीठ. किलोकिलोने मीठ ओतू नये: पाणी शून्याच्या खाली जातं, बिअर गोठते आणि बाटल्या तडकतात.

साडेदहाला पहिला टब लावायचा, त्यात ४८ पाइंट, म्हणजे दोनच क्रेट. उरलेले दोन सावलीत, कोरडे. पहिला टब अर्धा रिकामा झाला की तिसरा क्रेट घालायचा. यामागे पैशाचं कारण आहे. दुकानदार न फोडलेला क्रेट परत घेतो, पण लेबल भिजून सुटलेली बाटली घेत नाही. परतीची बोली खरेदीच्या वेळीच बिलावर लिहून घ्यावी. चौथा क्रेट परत गेला तर पाइंटला ९० रुपये धरून २,१६० रुपये हाती येतात.

न पिणाऱ्यांचा काउंटर

५८ जण मुळीच पिणार नाहीत, आणि पिणारेही आधी तहान भागवणार. हा काउंटर फाटकाशी, सावलीत, आणि बारपेक्षा देखणा हवा. बार बागेच्या मागच्या अंगाला, स्टेजच्या थेट समोर नको. वडीलधाऱ्यांना नमस्कार करायला जाताना हातातला ग्लास कुठे ठेवू अशी पोरांची तारांबळ उडत नाही.

कोकम सरबत १८ लिटर: गोड आगळाचं एकास चार पाणी धरलं तर साडेतीन-चार लिटर आगळ लागतं. त्यात जिरेपूड आणि काळं मीठ. पन्हं १२ लिटर. लिंबूसोडा मागणीप्रमाणे. सोलकढी १२ लिटर, पण जेवणाबरोबरच, आणि सहा-सहा लिटरच्या दोन खेपांत. नारळाचं दूध या उकाड्यात दोन तासांत आंबायला लागतं. दुसरी खेप दीड वाजता करायची आणि भांडं बर्फात ठेवायचं. पिण्याच्या पाण्याचे २० लिटरचे आठ जार. हे जास्त वाटतात, पण टबात पाणी घालायलाही त्यातलेच वापरले जातात.

माणसं, वेळ, खाणं

दोन बारवाले आणि एक मदतनीस. मदतनिसाचं काम फक्त बर्फ फोडणं, टब भरणं, रिकाम्या बाटल्या उचलणं. तो नसला की बारवाला काउंटर सोडून मागे जातो आणि पुढे रांग लागते. मोठी गर्दी पहिल्या तासात होते, म्हणून १२ वाजता पहिले वीस हुर्राक ग्लास बर्फ, लिंबू, मीठ, मिरची घालून तयार असावेत. वरून ओतायचं तेवढं बाकी.

चखणा बार उघडताच फिरायला लागला पाहिजे. सव्वाबाराला कटलेट, रवा लावून तळलेली मासळी, मसाला शेंगदाणे. जेवण दीडला. साडेतीनला बार बंद, पण माइकवरून ‘शेवटची ऑर्डर’ पुकारू नये. पुकारलं की प्रत्येक जण दोन-दोन घेतो आणि अर्ध्या बाटल्या गवतात राहतात. व्हिस्की-जिनची पेटी पावणेतीनला आत, तीनपासून फक्त बिअर, मग नुसतं सरबत. पेटीची किल्ली एकाकडेच, शक्यतो न पिणाऱ्या मामेभावाकडे. नवरदेवाच्या मित्राकडे किल्ली दिली तर ती किल्ली राहत नाही.

परतीची सोय बारच्या खर्चातच धरावी. गोव्यात आलेला प्रत्येक तरुण पाहुणा भाड्याच्या स्कूटरवर असतो. रक्तात १०० मिलीला ३० मिलिग्रॅम ही मोटार वाहन कायद्याची मर्यादा आहे, आणि दोन पाइंटांत ती ओलांडली जाऊ शकते. या कुटुंबाने फोंड्याहून माणसं आणायला मिनीबस घेतलीच आहे. तिच्या दोन फेऱ्या, चार आणि साडेचार वाजता, आमंत्रणाच्या मेसेजमध्येच लिहाव्यात.

कागद आणि तारीख

बंगल्याचा मालक ‘चालतं हो इथे’ म्हणतो, त्यावर राहू नये. जागा, तारीख, वेळ, पाहुण्यांची संख्या आणि दारू विकली जाणार नाही, पाहुण्यांना दिली जाणार आहे, हे लिहून तालुक्याच्या अबकारी कार्यालयात आधी विचारावं, आणि लागेल ती परवानगी काढावी. बंगल्याच्या करारात बाहेरची दारू आणू देण्याचा आकार, म्हणजे कॉर्केज, किती हे स्पष्ट हवं. इथे एकरकमी ५,००० धरलं आहे. बाटलीमागे आकार असेल तर ९६ पाइंटांना तो किती होतो ते मोजूनच सही करावी. निवडणूक लागली असेल तर मतदान संपण्याआधीचे ४८ तास विक्री बंद असते, म्हणून खरेदी शेवटच्या दिवसावर ठेवू नये.

हाच कार्यक्रम पुण्यात असता तर राज्य उत्पादन शुल्क विभागाचा एक दिवसाचा परवाना, जास्त कर आणि व्हिस्की-जिनसाठी २५ ची वयोमर्यादा, असं सगळं हिशोबात आलं असतं.

बेरीज

बिअर ८,६४०. हुर्राक १,५००. वाइन ४,५००. व्हिस्की-जिन ३,३००. म्हणजे दारू १७,९४०. लिम्का, सोडा, टॉनिक २,५००. बर्फ पोचवणावळीसकट २,५००. माणसं ६,२००. भाड्याचे ३०० ग्लास २,४००. सरबतं आणि सोलकढी ७,२००. पाणी १,५००. लिंबं, मिरच्या, मीठ, पेपर नॅपकिन ८००. कॉर्केज ५,०००. एकूण ४६,०४०, आणि ग्लासमागे साधारण ३०१ रुपये, त्यात न पिणाऱ्यांची सरबतंही आली. एकूण खर्चात दारू चाळीस टक्क्यांहूनही कमी आहे, आणि दुपारच्या बारला तसंच असायला हवं.

पॅकेज केव्हा घ्यावं? घरात खरेदी, बर्फ, टब आणि परतावा सांभाळणारा एकही मोकळा माणूस नसेल तेव्हा. लग्नघरात असा माणूस सापडणं कठीणच असतं. तेव्हा पॅकेजवाल्याशी घासाघीस दरावर करू नये, संख्येवर करावी: १०० ऐवजी ६२ जणांचे पैसे, दुपारचे चार तास, यादी बिअर-हुर्राक-वाइनपुरती. बरेचदा तो ऐकतो, कारण त्यालाही ठाऊक असतं की बाकीचे ३८ जण सरबतच पिणार आहेत.

हंगाम डिसेंबरचा असेल तर हुर्राक मिळत नाही, त्याजागी काजू फेणी येते. २००९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि लेबलवाली सीलबंद बाटली सहज मिळते. पण ती ४२ टक्क्यांच्या पुढची, म्हणून ग्लासात ९० नाही, ३० मिली. ४५ ग्लासांना दोन बाटल्या पुरतात. वास उग्र असल्यामुळे नवखे पाहुणे एका ग्लासावर थांबतात, तेव्हा बिअरचा एक क्रेट वाढवावा.

उरलेली दारू गाडीच्या डिकीत टाकून पुण्याला आणायचा विचार कोणीतरी मांडतोच. गोव्यासाठीची बाटली परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे, आणि इन्सुलीच्या नाक्यावर लग्नाची सजवलेली गाडी आहे म्हणून कोणी सोडत नाही. सीलबंद माल सोमवारी सकाळी दुकानात परत, उघडलेल्या बाटल्या गोव्यातल्याच नातलगांकडे, आणि परतीच्या क्रेटची डिपॉझिटची पावती ज्याच्या नावावर बिल आहे त्याच्याच हातात.